केवळ माहितीसाठी

लोकशाहीचा पाया एकच आहे. जनतेसमोर सत्य मांडावं, पूर्ण मांडावं, कुणाचीही बाजू न घेता मांडावं. मग जनता योग्य तोच निर्णय घेते. हार्लो गावात आम्ही हे दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा जनतेने पत्रक वाचलं, त्याची घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. आर्लिसच्या कॅफेतलं खिडकीजवळचं टेबल आता अजिबात हलत नाही.

ती पत्रकं मी लिहिली होती. गावाचं साप्ताहिक होतं तोवर मी त्याचा संपादक होतो. ते बंद पडल्यावर शाळेने मला ‘संवाद सल्लागार’ म्हणून अर्धवेळ ठेवलं. काम असं, की एरवी मुलांच्या सहलींच्या बातम्या लिहायच्या आणि दर दोन वर्षांनी लोकांकडे पैसे मागायचे. पण मागायचे नाहीत, ही त्यातली मेख. आमच्या विस्कॉन्सिन राज्यात शाळेला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कर गोळा करायचा असेल तर लोकांचं मत घ्यावं लागतं. आणि त्यासाठी करदात्यांच्या पैशाने जे पत्रक छापायचं, त्यावर ‘हो म्हणा’ असं छापायचं नाही. शाळेने फक्त माहिती द्यायची. म्हणजे बुडणाऱ्या माणसाने हाका मारायच्या नाहीत, पाण्याची खोली आणि तापमान तेवढं सांगायचं.

या वेळी तिसरा आणि शेवटचा प्रयत्न होता. छप्पर गळत होतं, बॉयलर माझ्या वयाचा होता आणि हायस्कूलचे चार वर्ग चालवण्याइतके शिक्षक ठेवणं परवडत नव्हतं. एप्रिलमध्ये लोक नाही म्हणाले तर हायस्कूल बंद करायचं आणि मुलांना बसने केलरटनला पाठवायचं, असं शाळेच्या मंडळाने ठरवून टाकलं होतं. केलरटन म्हणजे फुटबॉलमध्ये आम्हाला दरवर्षी हरवणारं गाव. तेवढं सांगितलं की पुरे.

शाळांची अधीक्षक लोर्ना डुफेक याच गावची, याच हायस्कूलची. तिची आई जीनेट इथे बँड शिकवायची. जीनेटचा फोटो अजून बँडच्या खोलीत ट्रंपेटांच्या कपाटावर आहे. लोर्ना मिलवॉकी शहरातली चांगली नोकरी सोडून परत आली ती ही शाळा जगवायला. असं ती कधी बोलली नाही. आमच्याकडे अशा गोष्टी बोलत नाहीत, छपराबद्दल बोलतात.

मी लिहिलेला पहिला मसुदा राजधानीत, मॅडिसनला, शाळेच्या वकीलबाईंकडे गेला. त्या फोनवर होत्या, लोर्नाने फोन टेबलावर मधोमध ठेवला होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे आजारी मांजराकडे बघावं तसे बघत होतो.

“‘छप्पर गळतं’ हे काढा,” वकीलबाई म्हणाल्या.

“पण ते गळतं,” मी म्हणालो.

“गळणं म्हणजे तक्रार झाली. ‘छपराने आपलं अपेक्षित आयुष्य पूर्ण केलं आहे’ असं लिहा.”

“आणि ‘हायस्कूल बंद होईल’?”

“ती धमकी वाटते. ‘मंडळ पर्यायांचा विचार करेल’ असं म्हणा.”

“विचार करून झालाय. मंडळाने ठराव केलाय.”

“मग विचार करेल हे खोटं नाही. पुन्हाही करू शकतं.”

त्यानंतर कराचा भाग आला. गोष्ट तशी सोपी होती. जिमच्या इमारतीसाठी काढलेलं जुनं कर्ज याच वर्षी फिटत होतं, त्यामुळे कर आपोआप उतरणार होता. लोक हो म्हणाले तर तो थोडा कमी उतरणार होता. मी लिहिलं होतं, ‘तुमचा कर वाढणार नाही.’ वकीलबाईंना ते प्रचारकी वाटलं. बराच वेळ घासाघीस झाल्यावर जे वाक्य छापलं गेलं ते असं: ‘प्रस्ताव मंजूर झाल्यास कर आजच्यापेक्षा कमी होईल, परंतु प्रस्ताव नामंजूर झाल्यास तो जेवढा कमी होईल तेवढा कमी होणार नाही.’ हे वाक्य मी स्वतः लिहिलंय आणि मला ते एका दमात कधीच कळलेलं नाही. खाली एका पिझ्झाचं चित्र होतं. त्यातला एक तुकडा रंगवलेला होता. तो कराचा तुकडा होता की सवलतीचा, यावर माझं आणि छापखान्याचं एकमत झालं नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘केवळ माहितीसाठी’ असं होतंच.

पत्रक कुणाला पाठवायचं हा प्रश्न उरला. शाळेची हद्द आणि गावाची हद्द एक नाही. शाळेची हद्द कुणाच्या तरी पणजोबांच्या भांडणातून आखलेली, शेतांतून वाकडीतिकडी जाते. तिचा नकाशा लोर्नाच्या ऑफिसात दाराच्या मागच्या भिंतीवर लावलेला आहे. पण ‘माझं दार सगळ्यांना कायम उघडं आहे’ असं लोर्नाने पहिल्याच दिवशी जाहीर केल्यामुळे दार भिंतीला टेकलेलं असतं आणि नकाशा त्याच्यामागे. तेव्हा आम्ही स्वस्तातला मार्ग धरला. हार्लोच्या पोस्टाच्या फेरीत जेवढी घरं येतात, तेवढ्या सगळ्यांच्या पेटीत एकेक पत्रक.

आर्लिसच्या कॅफेत त्याचं वाचन झालं. खिडकीजवळच्या टेबलावर रोज सकाळी तेच लोक असतात, आणि त्यांत मुख्य म्हणजे लोर्नाचे वडील, व्हर्लिन डुफेक. वय ऐंशीच्या घरात, दुधाचा धंदा केलेला, बोलणं कमी. त्यांनी मान हलवली की टेबल हलवतं, आणि टेबलाने हलवली की गावाची दक्षिण बाजू हलवते, अशी समजूत आहे. ती समजूत टेबलाचीच आहे.

“संपादक,” ड्वेन मला म्हणाला. तो सिमेंटचा ट्रक चालवायचा, आता काहीच चालवत नाही. “हे तू लिहिलंस?”

“मी आणि कायद्याने.”

“मला एवढंच सांग, कर वाढतोय की कमी होतोय?”

“कमी होतोय.”

“हो म्हटलं तर?”

“तरी कमी होतोय. पण कमी कमी होतोय.”

ड्वेनने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. “आणि नाही म्हटलं तर जास्त कमी होतोय.”

“हो.”

“मग हो कोण म्हणेल?”

“‘पर्यायांचा विचार करेल’ असं लिहिलंय इथे,” आर्लिस कॉफी ओतता ओतता म्हणाली. “म्हणजे पर्याय आहेत त्यांच्याकडे. नसते तर लिहिलं नसतं.”

“आणि अपेक्षित आयुष्य तर माझंही पूर्ण झालंय,” व्हर्लिन म्हणाले. “मला कोण बदलतंय?”

टेबल हसलं, आणि मी माझ्या कपात बघत बसलो. कारण त्या पत्रकातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

त्या रविवारी व्हर्लिननी मला जेवायला बोलावलं. माझी बायको तिच्या बहिणीकडे गेली होती आणि हे गावाला माहीत होतं. व्हर्लिनचे गुडघे गेल्यापासून त्यांनी जिन्याचं जुनं घर पुतण्याला दिलं आणि रस्त्यापलीकडे स्वतःच्याच कुरणात एक बसकं, बिनजिन्याचं घर बांधून गेल्या उन्हाळ्यात तिकडे राहायला गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर जुनं घर दिसतं. ते जेवताना त्याच्याकडेच तोंड करून बसतात.

लोर्नाने हॅम कापलं. व्हर्लिननी बटाट्यांचा वाडगा पुढे सरकवला.

“ते शाळेचं,” ते म्हणाले. “हो म्हणायचं की नाही?”

लोर्नाने सुरी खाली ठेवली. “बाबा, मी फक्त माहिती देऊ शकते.”

“मग दे.”

“पत्रक वाचलंत ना?”

“दोनदा वाचलं. पहिल्यांदा एक कळलं, दुसऱ्यांदा दुसरं. मी तुला काय वाटतं ते विचारतोय.”

“अधीक्षक म्हणून मला काही वाटत नाही.”

“आणि मुलगी म्हणून?”

“तो फरक लोकांना कळत नाही, असं वकीलबाई म्हणतात.”

“मी लोक आहे का?”

लोर्नाने हॅमचा एक तुकडा त्यांच्या ताटात ठेवला. “तुम्ही करदाते आहात, बाबा.”

व्हर्लिननी बटाटे वाढून घेतले. पुढचं सगळं जेवण तलावावरचा बर्फ यंदा लवकर फुटतोय का, यावर झालं.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण घोटाळा तिच्यातच झाला. पाहुण्याला केक विचारला की त्याने नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की ‘नको हो, पोट भरलं’ म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अगदी छोटा तुकडा’ म्हणायचं आणि मोठा तुकडा घ्यायचा. तिसऱ्यांदाही जो नको म्हणतो त्याला खरंच नको असतो. मग त्याला आग्रह करणं म्हणजे असभ्यपणा. यावर गावाची लग्नं, जमिनीचे सौदे आणि चर्चच्या समित्या चालतात.

सोमवारी सकाळी व्हर्लिननी टेबलाला सांगितलं, “मी तिला तीनदा विचारलं.”

“आणि?”

“तीनदा टाळलं.”

ड्वेनने साखरेची पुडी फाडली आणि कॉफीत न टाकता तशीच ठेवली.

“म्हणजे तिला नकोय,” तो म्हणाला.

“स्वतःच्या तोंडाने कसं म्हणेल बिचारी? नोकरी आहे,” आर्लिस म्हणाली. “मंडळाने मागे लावलं असणार.”

“थकली असेल,” व्हर्लिन म्हणाले. “तिची आईही थकली की असंच करायची. तोंडाने काही नाही. नुसती माहिती द्यायची.”

मी म्हणालो की तसं नाही, कायद्यामुळे ती बोलत नाही. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. बापाला उत्तर द्यायला कायदा आडवा येतो, ही गोष्ट त्यांना कायद्याच्या बाजूनेही पटेना आणि बापाच्या बाजूनेही.

पुढच्या आठवड्यात जिममध्ये माहिती सभा झाली. बर्फ वितळत होता, म्हणजे छपरातून पाणी येण्याचे दिवस. एरवी जिममध्ये बादल्या ठेवलेल्या असतात. सभेच्या आदल्या दिवशी वकीलबाईंनी फोनवर विचारलं, की या बादल्या नेहमीच्या जागी आहेत की सभेसाठी मांडल्या आहेत. लोर्ना म्हणाली, नेहमीच्या. वकीलबाई म्हणाल्या, ते सिद्ध करणं अवघड आहे. तेव्हा बादल्या हलवल्या, खुर्च्या कोरड्या बाजूला मांडल्या आणि ओल्या बाजूचे लाकडी बाक भिंतीत दुमडून टाकले.

लोक आले, बसले आणि वर बघू लागले.

“मागच्या वेळी इथे बादल्या होत्या,” माझ्या मागे कुणीतरी म्हणालं.

“दुरुस्त केलं असेल.”

“मग पैसे कशाला हवेत?”

“म्हणूनच तर तिला नकोय.”

लोर्नाने पडद्यावर चित्रं दाखवली. बॉयलरचा फोटो, पिझ्झा, आलेख. ती शांतपणे, एका सुरात बोलत होती. विमानात दरवाजे कुठे आहेत हे सांगतात तसं. प्रश्न विचारा म्हणाल्यावर व्हर्लिन उठले. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागतो, तेवढ्यात सगळी जिम त्यांच्याकडे वळली.

“मॅडम,” ते म्हणाले. स्वतःच्या मुलीला ते मॅडम म्हणाले, सभेचा मान म्हणून. “तुमचं स्वतःचं म्हणणं काय?”

“शाळेची यावर कुठलीही भूमिका नाही,” लोर्ना म्हणाली. तिचा आवाज किंचित हलला. माझ्या मते तो रडण्याच्या जवळचा होता. बाकीच्यांच्या मते तो वैतागाचा होता.

व्हर्लिन खाली बसले. जिमभर माना हलल्या. ही चौथी वेळ होती.

दुसऱ्या दिवशी कॅफेत निर्णय पक्का झाला, आणि तो इतक्या मायेने झाला की मला राग येईना. लोर्नासाठी सगळ्यांनी ‘नाही’ म्हणायचं. दोनदा नाही म्हणालो ते पैशासाठी, असं ड्वेन म्हणाला; या वेळी त्या पोरीसाठी. तिच्या डोक्यावरचं हे ओझं एकदाचं उतरवू.

मी थेट शाळेत गेलो. दार उघडंच होतं.

“लोर्ना, ते तुझ्यासाठी नाही म्हणणार आहेत.”

“माझ्यासाठी?”

“तुला शाळा नकोय, पण तू सभ्य आहेस म्हणून बोलत नाहीस, असं त्यांना वाटतं. तुझ्या वडिलांनी सांगितलंय.”

ती खुर्चीत मागे टेकली. “मला शाळा नकोय.”

“असं त्यांना वाटतं.”

“आई या शाळेत इतकी वर्षं होती. मी मिलवॉकी सोडून आले. माझ्या घरात अजून सामान उघडलेलं नाहीये, कारण रोज संध्याकाळी मी इथे असते. आणि मला शाळा नकोय.” हे ती इतक्या सपाट आवाजात म्हणाली की, खरं सांगतो, क्षणभर मीही गोंधळलो.

वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी अटी सांगितल्या. लोर्नाला खासगी नागरिक म्हणून मत सांगता येईल. पण कामाच्या वेळेत नाही, शाळेच्या आवारात नाही, शाळेच्या फोनवरून नाही, शाळेच्या गाडीतून जाऊन नाही आणि अंगावर शाळेचं बोधचिन्ह असलेलं काही असता कामा नये.

“माझ्याकडचे सगळे स्वेटर शाळेचे आहेत,” लोर्ना म्हणाली.

“कोट घाला,” वकीलबाई म्हणाल्या.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे सगळं गाव मासे खायला बाहेर पडतं. तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, राय ब्रेड. आणि वाट बघताना ब्रँडी. आर्लिसच्या कॅफेत त्या दिवशी टेबलं जोडून लावतात. लोर्ना स्वतःच्या गाडीतून आली आणि आत उकडत असूनही कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसली. मी तिच्या शेजारी होतो. समोर व्हर्लिन, त्यांच्या बाजूला ड्वेन.

तिने आधी माशाचं ताट येऊ दिलं. मग म्हणाली, “बाबा, मला शाळा हवी आहे.”

ड्वेनचा काटा वाटेत थांबला. न विचारता कुणी असं काही म्हणतं, हे त्या कॅफेत पहिल्यांदाच होत असावं. आर्लिसने लिंबाच्या फोडींची बशी उगाचच उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

“काय हवीय?” व्हर्लिन म्हणाले.

“शाळा. हायस्कूल. ते बंद होईल, बाबा. खरंच होईल. ठराव झालाय. छप्पर गळतं. बादल्या मीच हलवायला लावल्या. तुम्ही हो म्हणावं असं मला वाटतं. तुम्ही सगळ्यांनी.”

“मग रविवारी का नाही म्हणालीस? तीनदा विचारलं मी.”

“रविवारी तुम्ही करदाते होतात.”

“आणि आज?”

“आज शुक्रवार आहे, आणि हा मासा माझ्या पैशाने घेतलाय.”

व्हर्लिननी यावर विचार केला. ते हळूहळू ब्रेडला लोणी लावत होते, अगदी कडेपर्यंत.

“एकदा नुसतं म्हणाली असतीस,” ते म्हणाले, “तर मागच्या दोन्ही वेळा मी हो म्हणालो असतो. मला वाटलं शाळेलाच तेवढी निकड नाही. पत्रकात तर कुठे तसं दिसलं नाही.” हे ते माझ्याकडे बघून म्हणाले.

“तुझ्या आईला तो बँड फार प्रिय होता,” ब्रेड ताटात ठेवून ते म्हणाले. इतकंच.

“म्हणजे आता हो म्हणायचं,” ड्वेन म्हणाला. “नाही नव्हे.”

“हो म्हणायचं.”

“आणि कर कमी होतो.”

“कमी होतो.”

“ठीक आहे. मला फक्त शब्द पक्का हवा होता.”

लोर्नाने कोटाचं वरचं बटण काढलं. त्या संध्याकाळी तिने दोन वेळा मासा घेतला. दुसऱ्यांदा घेताना तिला तिसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

पुढचे दिवस मी कॅफेत माझी खरी कामगिरी बजावली. खासगी नागरिक म्हणून, माझ्या पैशाने घेतलेली कॉफी पीत, लोकांना मत कसं द्यायचं ते समजावलं. मतपत्रिका लांबलचक असते. न्यायाधीश, काउंटीचे सभासद, आणखी कोणकोण. शाळेचा प्रश्न मागच्या बाजूला, अगदी तळाशी. तो वाचायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलं, कारण तो मॅडिसनच्या वकिलांच्या भाषेत असतो आणि वाचला की माणूस घसरतो. उलटायचं, तळाशी जायचं, ‘हो’पुढचा गोळा काळा करायचा.

“मागे, तळाशी, हो,” व्हर्लिन म्हणाले. त्यांनी ते टेबलावर बोटाने करूनही दाखवलं.

मतदान मंगळवारी होतं. आमचं मतदान टाउन हॉलमध्ये होतं, म्हणजे बर्फ काढायच्या गाडीच्या गॅरेजमध्ये. गाडी त्या दिवसापुरती बाहेर काढतात. दिवसभर लोक येत होते. व्हर्लिन आले तेव्हा मी बाहेर उभा होतो, ठरवून दिलेल्या अंतरावर. ते आत गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. ती मान मी ओळखतो. झालं काम.

संध्याकाळी सगळे आर्लिसकडे जमलो. शुक्रवार नव्हता, म्हणून मासे नव्हते. रुबार्बचा पाय होता, म्हणजे आंबट देठं भरून भाजलेला गोड पदार्थ. लोर्ना कोट न घालता आली. स्वेटर शाळेचाच होता. मतदान बंद झालं होतं. निकाल काउंटीच्या संकेतस्थळावर येणार होता आणि मी फोनवर ते पान पुन्हा पुन्हा उघडत होतो.

व्हर्लिननी पायचा तुकडा अर्धा संपवला आणि काटा ठेवला.

“चांगलं केलंस हं, लोर्ना,” ते म्हणाले. “पण त्या तलावाचं तू काही बोलली नव्हतीस.”

“कसल्या तलावाचं?”

“पोहण्याच्या. लिहिलं होतं ना. मी वाचणार नव्हतो, पण गोळा काळा करताना वरती नजर गेली. मला वाटलं, छपराबरोबर तलावही करतायत. जरा जास्तच वाटलं मला, पण तू हवंय म्हणालीस ना. केला काळा.”

लोर्नाने माझ्याकडे पाहिलं. मी ड्वेनकडे पाहिलं.

“माझ्या कागदावर तलाव नव्हता,” ड्वेन म्हणाला. “माझ्यावर छप्पर होतं.”

“माझ्यावर छप्पर नव्हतं,” व्हर्लिन म्हणाले.

“व्हर्लिन,” मी विचारलं, “त्याच्यावर शाळेचं नाव काय होतं?”

“मागे, तळाशी, हो. नाव बघायचं तू सांगितलं नव्हतंस.”

हे खरं होतं.

लोर्ना उठली आणि बाहेर पडली. शाळा कॅफेच्या समोरच आहे. मी तिच्यामागे गेलो. तिने ऑफिसातला दिवा लावला आणि तिथे आल्यापासून पहिल्यांदाच स्वतःचं दार लावलं. नकाशा आपल्या जागी होता, थोडा पिवळा पडलेला. हद्दीची जाड निळी रेघ आमच्या बाजूने येत होती, डुफेकांच्या जुन्या शेताच्या कडेने रस्त्याला लागत होती आणि मग रस्त्यावरूनच सरळ पुढे जात होती. रस्त्याच्या अलीकडे हार्लोची शाळा, पलीकडे केलरटनची. बसकं, बिनजिन्याचं घर पलीकडे होतं. मतदानाचा हॉल दोघांचा एकच, मतपत्रिका दोन.

“करावर तर लिहिलेलं असतं,” मी म्हणालो. “डिसेंबरात बिल येतं, त्यावर शाळेचं नाव असतं.”

“बाबा फक्त शेवटचा आकडा बघतात,” लोर्ना म्हणाली. “आणि मी त्या घरी दर रविवारी जेवते.”

ती नकाशाकडे बघत होती. मीही. त्या निळ्या रेघेच्या पलीकडे, हार्लोच्या पोस्टाच्या फेरीत, घरांचे कितीतरी ठिपके होते. सगळ्यांना आम्ही पत्रक पाठवलं होतं. बऱ्याच जणांना कॅफेत मी स्वतः पढवलं होतं. केलरटनच्या शाळेनेही त्याच दिवशी तलावासाठी मत मागितलं होतं, पण त्यांची पत्रकं केलरटनच्या पोस्टाच्या फेरीत वाटली होती. त्यांच्या तलावाबद्दल या ठिपक्यांना कुणी काहीच कळवलेलं नव्हतं. त्यांना फक्त मागे, तळाशी, हो एवढंच माहीत होतं.

आम्ही परत कॅफेत आलो. आर्लिसने लोर्नाला पायचा तुकडा विचारला. ती नको म्हणाली. आर्लिसने दुसऱ्यांदा विचारलं, मग तिसऱ्यांदा. लोर्ना तिन्ही वेळा नको म्हणाली, आणि आर्लिसने ताट उचललं.

थोड्या वेळाने माझ्या फोनवर पान उघडलं. आमचा प्रस्ताव एकोणीस मतांनी पडला होता. व्हर्लिननी चष्मा लावून आकडा स्वतः पाहिला आणि फोन मला परत दिला.

त्याच्याच खालच्या ओळीत केलरटनचा जलतरण तलाव सात मतांनी मंजूर झाला होता.